आई पाणी का पीत नाही? पुण्या-हैदराबादला निघणाऱ्यांसाठी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की सोलापुरातून पुण्याकडे आणि हैदराबादकडे निघणाऱ्या गाड्यांत खिडकीशी एक आई नाहीतर वडील बसलेले दिसतात. कुणी चार महिन्यांसाठी मुलाकडे निघालेले असते, कुणी कायमचे. गाडीची सर्व्हिसिंग झालेली असते, फास्टॅगमध्ये पैसे भरलेले असतात, मोबाइलवर रस्ता लावलेला असतो. आईने मात्र आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद केलेले असते. विचारले तर ‘तहान नाही’ म्हणते. खरे कारण वेगळे असते. वाटेत लागले तर जायचे कुठे, बसता येईल का, उठता येईल का, ही धास्ती तिच्या मनात असते आणि ती मुलाला, जावयाला, ड्रायव्हरला सांगायची तिला लाज वाटते.

आम्ही याच रस्त्यांवर गाड्या चालवणारे आणि गाड्यांची कामे करणारे लोक आहोत. वडीलधाऱ्यांना घेऊन निघायचे तर तयारीची सुरुवात इंजिनपासून नको, या धास्तीपासून व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. आपल्या वाचकांत असा प्रवास करणारी घरे पुष्कळ असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वय झाले की तहान मुळातच कमी लागते. त्यात सोलापूरचा मे महिना, पारा बेचाळीसच्या वर. गाडीतला एसी हवा कोरडी करतो आणि घाम आलेला कळत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असली आणि शरीरात पाणी कमी पडले, तर बसलेल्या जागेवरून उठताना दाब एकदम उतरतो. म्हणूनच म्हातारी माणसे चालत्या गाडीत ठीक असतात आणि ढाब्यासमोर दार उघडून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडतात. पाणी तोडल्याचे बाकीचे भोग मुक्कामी पोचल्यावर सुरू होतात. तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही, लघवीला जळजळ होते, अंगात कसकस भरते. घरात सगळे म्हणतात, ‘पुण्याचं पाणी सोसलं नाही.’ बिचाऱ्या पाण्याचा त्यात काही दोष नसतो, ते वाटेत पोटात गेलेलेच नसते.

उपाय साधा आहे. दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट, म्हणजे पाच-सहा तासांच्या प्रवासात साधारण एक लिटर. त्यांनी पाणी मागायची वाट बघायची नाही, आपण हातात द्यायचे. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांना डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिलेले असते, त्यांनी तेच पाळावे. लघवी होण्याची गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती किती वाजता घ्यायची हे आधी डॉक्टरांना विचारावे. गोळी मनाने बुडवणे हा सर्रास होणारा प्रकार आहे आणि तो धोक्याचा आहे. पायावर सूज आणि छातीत दम घेऊन पुण्यात उतरण्यापेक्षा वाटेत दोनदा जास्त थांबलेले बरे.

आता थांबायचे कुठे? सोलापूर-पुणे अंतर सुमारे २५० किलोमीटर. दीड तासापेक्षा जास्त वेळ एका बैठकीत काढू नये. पहिला थांबा टेंभुर्णीच्या आसपास घ्यावा, सोलापूरपासून सुमारे ८५ किलोमीटरवर. दुसरा भिगवणला, म्हणजे दीडशेच्या जवळपास. तिसरा चौफुला किंवा यवतला. हा तिसरा थांबा लोक टाळतात, ‘आता आलंच की पुणे’ म्हणून. पण उरुळी कांचन ओलांडले की पुढच्या तीस किलोमीटरला किती वेळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही. लोणी ते हडपसर या पट्ट्यात गाडी रांगेत अडकली तर ना पुढे जाता येते, ना बाजूला घेता येते. लागलेली असो वा नसो, यवतला सगळ्यांनी उतरायचेच. आईला एकटीला ‘जाऊन ये’ म्हणू नये. सुनेने किंवा मुलीने ‘मलाच जायचंय, चला’ म्हटले की ती लगेच उतरते.

थांब्यावर आधी घरातल्या एकाने आत जाऊन बघून यावे. पाणी आहे का, दिवा लागतो का, कडी लागते का, आणि मुख्य म्हणजे फरशी कोरडी आहे का. बहुतेक ठिकाणी भारतीय पद्धतीचे भांडे असते. गुडघे गेलेल्या माणसाला तिथे बसता येते एक वेळ, उठता येत नाही. उठताना हात शोधतो आधार, आणि सापडतो तो नळ. प्लॅस्टिकचा नळ साठ-सत्तर किलोचा भार घेत नाही, तो तुटून हातात येतो आणि माणूस ओल्या फरशीवर मागे आदळतो. खुब्याचे हाड मोडायला एवढे पुरेसे असते. काठी ठेवायला कोपरा नसतो, पिशवी अडकवायला खुंटी नसते, म्हणून काठी बाहेर राहते आणि पिशवी दातांत धरावी लागते. साडी सावरायला मग एकच हात उरतो.

यासाठी घडीचे कमोड स्टूल डिकीत ठेवावे. सर्जिकल साहित्याच्या दुकानात मिळते, काही ठिकाणी भाड्यानेही देतात. चार पायांची लोखंडी चौकट, वर भोक असलेली बैठक, भारतीय भांड्यावर उभे करायचे. घेताना दोन गोष्टी बघाव्यात. चारही पायांना रबरी बूट आहेत का, कारण बूट झिजलेले स्टूल ओल्या टाइलवर सरकते. आणि घडी उघडल्यावर खिट्टी नीट बसते का. घरी दोनदा बसून बघितल्याशिवाय नेऊ नये. जे वापरायची लाज घरात मोडलेली नाही, ते ढाब्यावर कुणी वापरत नाही.

सोबतची पिशवी डिकीत टाकायची नाही, सीटच्या पायाशी ठेवायची. दोन लिटर वापरायचे पाणी, मग, साबण, टर्किश टॉवेल, आतल्या कपड्यांचे दोन जोड, एक परकर किंवा पायजमा, बॅटरी, रबरी तळव्याची चप्पल. प्लॅस्टिकची गुळगुळीत स्लीपर घरी ठेवावी. पुरुषांसाठी झाकणाचे युरिन पॉट चाळीस-पन्नास किलोमीटरची चिंता मिटवते. बायकांसाठी अगदी अडचणीची वेळ आली तर गाडीची डावीकडची दोन्ही दारे उघडावीत. मधल्या जागेला वरून सोलापुरी चादर टाकली की आडोसा होतो. पण हे पंपाच्या आवारात किंवा सर्व्हिस रोडवर करायचे. महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर गाडी उभी करून कधीच नाही. मागून येणाऱ्या ट्रकला उभी गाडी चालती वाटते आणि समजते तेव्हा उशीर झालेला असतो.

लघवीची पिशवी लावलेली असेल तर ती मांडीवर ठेवू नये. मूत्राशयापेक्षा खालच्या पातळीवर, सीटच्या कडेला अडकवावी, नळी मुडपू देऊ नये आणि तिच्यावर पट्टा येऊ देऊ नये. निघण्याआधी आणि प्रत्येक थांब्यावर रिकामी करावी.

गाडीत कुठे बसवावे यावर घरोघरी वाद होतात. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर चालकाशेजारची जागा उत्तम. ती मागे सरकते, पाय पसरता येतात, मळमळही कमी होते. फक्त सीट पूर्ण मागे घ्यावी, कारण समोर एअरबॅग असते. मागे बसायचे तर डावी खिडकी, म्हणजे रस्त्याच्या बाजूला उतरावे लागत नाही. सात सीटच्या गाडीत शेवटची रांग वडीलधाऱ्यांना देऊ नये. ती मागच्या चाकांच्या वर येते आणि प्रत्येक गतिरोधकाचा दणका थेट मणक्याला बसतो. हाडे ठिसूळ झालेल्यांचा मणका अशा एका दणक्यानेही दबतो.

चढताना आधी एक पाय आत टाकायची सवय सोडायला सांगावी. सीटकडे पाठ करून आधी बसायचे, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. सीटवर प्लॅस्टिकची एक पिशवी अंथरली की अंग सहज वळते. बसून झाले की पिशवी काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक मारल्यावर माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. उंच गाडीला सहा-सात इंचांचा जाड पाट पायरी म्हणून चालतो. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना खोलगट सीट चालत नाही, गुडघे खुब्यापेक्षा वर जाता कामा नयेत. खाली चादरीची घडी घालून बैठक उंच करावी.

मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे, न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाचे सोडा. पट्टा पोटावरून नको, खाली खुब्याच्या हाडांवरून जायला हवा. पाठीमागे जाड उशी ठेवली की पट्टा सैल पडतो. कमरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी पुरते.

टायरबद्दल थोडे जास्त लिहावे लागेल, कारण इथे चुकीची समजूत खोल रुजली आहे. ‘उन्हाळा आहे, हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवा’ असे पंपावरही सांगितले जाते. हे उलटे आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि उलगडते. त्या दबण्या-उलगडण्यातून उष्णता तयार होते. आधीच तापलेला रस्ता, त्यात पाच माणसे आणि डिकीभर सामान, त्यात ताशी शंभरचा वेग. बाजूचे धागे सुटतात आणि टायर फुटतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर कमी भाराचा आणि पूर्ण भाराचा असे दोन आकडे दिलेले असतात. वडीलधाऱ्यांचा संसार घेऊन निघालेली गाडी म्हणजे पूर्ण भार. हवा सकाळी टायर थंड असताना भरावी. भिगवणला तपासली तर चार-पाच पॉइंट जास्त दिसतील, ते उष्णतेने वाढलेले असतात, तिथे हवा सोडू नये.

टायरचे वय त्याच्या अंगावर लिहिलेले असते. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षे उलटलेला टायर नक्षी शिल्लक असली तरी लांबच्या प्रवासाला नको. शहरात गाडी कमी फिरते, नक्षी झिजत नाही, म्हणून मालकाला टायर नवाच वाटतो; रबर मात्र उन्हात वाळून बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. स्टेपनी वर्षानुवर्षे कुणी बघत नाही. तिचीही हवा त्याच वेळी भरा. कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी, इंजिन थंड असताना टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते बघा. इंजिनाच्या तापमानाचा काटा चढलाच तर एसी बंद करा, गाडी सावलीला घ्या, आणि गरम रेडिएटरचे झाकण कुणाच्याही सांगण्यावरून उघडू नका.

एसी पंचवीस-सव्वीसवर ठेवावा, हवेचा झोत गुडघ्यांवर आणि तोंडावर येऊ देऊ नये. थांब्याच्या पाच मिनिटे आधी एसी बंद करून काचा थोड्या खाली घ्याव्यात. गार डब्यातून एकदम बेचाळीस अंशांत उतरणे तरुणांनाही सोसत नाही.

औषधांची पेटी डॅशबोर्डवर ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीच्या आत साठ अंशांच्या आसपास तापमान जाते. इन्सुलिन तर मुळीच गाडीत सोडून जेवायला जाऊ नये, पिशवीसह बरोबर न्यावे. ते बर्फाला चिकटूनही ठेवायचे नाही. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर चांगले दिसते, काम मात्र करत नाही. आधी गार पाण्याने थंड करून पुसून कोरडा केलेला थर्मास आणि त्यात रुमालात गुंडाळलेली बाटली, एवढे एका दिवसाला पुरते. साखरेच्या रुग्णाची जेवणाची वेळ घड्याळावर पाळायची, ‘पुढच्या चांगल्या हॉटेलवर थांबू’ यावर नाही. खिशात साखरेची पुडी किंवा गूळ हवा. उलटीची गोळी दुकानातून घेऊन सर्रास दिली जाते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वडिलांना काही गोळ्यांनी लघवी अडते आणि गुंगीत तोल जातो. त्यांच्यासाठी आलेपाकाची वडी बरी, गोळी विचारूनच द्यावी. साखर असलेल्यांना आलेपाकही नको, आल्याचा तुकडा द्यावा.

खाण्यासाठी धपाटे आणि घट्ट दही सकाळच्या थांब्यापर्यंत उत्तम. दही दुपारपर्यंत आंबते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सगळ्यांना हवीच असते, पण कवळी असलेल्यांना ती वाटेत देऊ नका, सोबत बांधून द्या. नव्या घरी पहिल्या आठवड्यात तिचा मोठा आधार वाटतो.

प्रत्येक थांब्यावर उतरल्यावर लगेच चालायला लावू नये. दार उघडून, पाय बाहेर टाकून एक मिनिट बसू द्यावे, पावले दहा-पंधरा वेळा वरखाली करावीत, मग उभे राहावे. तासन्‌तास पाय लोंबकळत राहिले की पोटरीत रक्त साकळते. चालत्या गाडीतही पावलांचा हा व्यायाम करता येतो.

आता चालकाविषयी. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर पुण्याहून निघायचे, मध्यरात्री सोलापूर गाठायचे, चार तास झोपून पहाटे आईवडिलांना घेऊन परत निघायचे, असे करणारे पुष्कळ आहेत. गाडी, रस्ता, टायर सगळे ठीक असून अपघात होतात ते या झोपेपायी. मध्ये एक पूर्ण दिवस ठेवा. घर आवरायलाही तो लागतोच. भाड्याची गाडी केली तर पिवळ्या पाटीचीच करा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेली आणि काही घडले तर विमा कंपनी हात वर करते. हैदराबादला जायचे तर दोन राज्यांच्या हद्दी ओलांडायच्या असतात, परवाना आहे का ते आधीच विचारून घ्यावे.

निघण्याची वेळ सूर्याने ठरवावी. पुणे पश्चिमेला. पहाटे साडेपाचला निघालात तर ऊन पाठीमागे राहते आणि तीन थांबे घेऊनही अकराच्या सुमारास हडपसरला लागता. सकाळची ऑफिसची गर्दी ओसरलेली असते. दुपारी एकला निघणाऱ्याच्या डोळ्यांत भिगवणपासून तिरपे ऊन येते आणि हडपसरला तो नेमका संध्याकाळच्या कोंडीत सापडतो. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा दुपारी डाव्या खिडकीवर ऊन येते. काळी फिल्म लावायला बंदी आहे, अंगावर पांढरे सुती कापड पुरते.

दिवाळीनंतर निघणाऱ्यांनी अंधार पडायच्या आत पोचावे, कारण मोहोळ ते इंदापूर पट्ट्यात उसाचे ट्रॅक्टर असतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर डोकावणारा ऊस, बहुतेकांना मागचा दिवा नाही. ताशी वीसने चाललेली ती भिंत रात्री पन्नास फुटांवर आल्यावर दिसते. कडाक्याच्या थंडीत उजनीच्या पाण्याजवळ पहाटे धुके उतरते, त्या दिवसांत सातच्या आधी निघू नये. आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड या वाटेने येते, त्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते. तारखा बघून निघावे.

पुण्यात शिरताना मोबाइल दोन मिनिटे वाचवायला गल्लीबोळ दाखवतो. वडीलधारे सोबत असताना रुंद, सरळ रस्ता घ्यावा, दहा मिनिटे जास्त लागली तरी. वाघोलीकडे जाणाऱ्यांना शहरात शिरायची गरज नाही, थेऊर फाट्यावरून केसनंदमार्गे जाता येते.

हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर, दिशा उलटी. पहाटे निघालात तर नळदुर्ग-उमरग्यापर्यंत सूर्य समोर असतो, तेव्हा काच आतूनही स्वच्छ पुसलेली हवी. उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद हे थांबे आणि शेवटचा संगारेड्डीला. तो चुकवू नये, कारण पटनचेरूजवळ हैदराबादच्या बाहेरच्या रिंग रोडवर चढलात की मध्ये थांबायला बंदी आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतल्या आजींना तिथे तेलुगू बोलायची अडचण नसते, पण वाचता येतेच असे नाही. त्यांच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर पत्ता मराठी, इंग्रजी आणि तेलुगूत लिहिलेला असावा.

फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून आहे, सुरुवातीला तीन हजार रुपयांत वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या, फक्त खासगी मोटारींना आणि फक्त राष्ट्रीय महामार्गांवर. आईवडिलांची ने-आण वारंवार असेल तर फायद्याचा आहे. वाटेत गाडी बंद पडली तर १०३३, रुग्णवाहिकेला १०८, कोणत्याही संकटाला ११२. फोन लावल्यावर कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि आपण कोणत्या दिशेने चाललो आहोत हे सांगावे. ‘मोहोळच्या पुढं आहे’ एवढ्यावर गाडी सापडत नाही.

सत्तरी ओलांडलेल्यांचे आयुष्मान कार्ड निघण्याआधी काढून घ्यावे, योजनेत असलेल्या रुग्णालयांत ते परराज्यातही चालते. गिरणी आणि विडी कामगारांपैकी ज्यांची भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन आहे, त्यांनी बँक बदलायची घाई करू नये. १ जानेवारी २०२५ पासून ती देशात कुठल्याही शाखेतून मिळते आणि हयातीचा दाखला बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर कुठूनही देता येतो.

पोचल्यावरची पहिली रात्र सगळ्यांत अवघड. नव्या घरात रात्री तीनला जाग आली की म्हाताऱ्या माणसाला दार कुठल्या बाजूला ते कळत नाही, आणि तो सोलापूरच्या घरातल्या सवयीने वळतो. तिकडे भिंत असते. पलंग शक्यतो असा लावावा की उतरण्याची बाजू जुन्या घरातलीच राहील. पलंगापासून बाथरूमपर्यंत बारीक दिवा, मध्ये पायपुसणे नाही, वायर नाही. बाथरूमची कडी आतून लावू नये हे सांगून ठेवावे. उशी आणि चादर त्यांचीच, धुवायला न टाकलेली. वासाने ओळख पटते. आई किंवा वडील रात्रीत एकदम भ्रमिष्टासारखे बोलू लागले तर ‘वयच झालं’ म्हणून सोडून देऊ नका, पाणी कमी पडलेले असू शकते, लघवीचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे आई पहिल्या सकाळी उठून घरातली पातेली भरून ठेवील. तिला हसू नका, अडवू नका. दोन हंडे भरू द्या, फक्त बाथरूमच्या वाटेत ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर दूधवाला, औषधाचे दुकान आणि देऊळ एवढी फेरी सोबत मारावी. येताना पुढे आईवडिलांनी चालायचे, आपण मागे. कुठल्या वळणावर ते थबकतात ते बघून तिथली खूण पक्की करून द्यावी, पिवळी इमारत, पिंपळ, काहीही. लिफ्टमध्ये वीज गेली तर कुठले बटण दाबायचे आणि फाटकावरच्या रखवालदाराने मोबाइलवर परवानगी मागितली तर काय सांगायचे, हेही त्याच फेरीत. साधा फोन असलेल्या वडिलांना त्यांच्याच सोसायटीच्या फाटकावर तिष्ठावे लागते.

इतके सगळे घरच्यांनी केले तरी स्वच्छतागृह घरच्यांना बांधता येत नाही. पेट्रोल पंपावर मोफत हवा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असायला हवे, हा तेल कंपन्यांचाच नियम आहे; तरी कुलूप दिसते आणि किल्ली ‘मालकाकडे’ असते. टोल नाक्यांवरच्या घाणेरड्या स्वच्छतागृहांचे फोटो महामार्ग प्राधिकरणाच्या राजमार्गयात्रा ॲपवर पाठवणाऱ्याला २०२५ मध्ये एक हजार रुपयांचे फास्टॅग रिचार्ज मिळत होते. ते बक्षीस असो वा नसो, तक्रार करायची सोय आहे. आमची वाचकांना विनंती आहे की बक्षीस नसले तरी फोटो पाठवा, नाक्याचे नाव आणि वेळ घालून.

आणि महामार्गाचे अधिकारी, पंपमालक, हॉटेलवाले यांना कळकळीची विनंती. नवे बांधकाम मागत नाही. असलेल्या एका खोलीत एक कमोड बसवा, बैठक जमिनीपासून दीड फुटाच्या वर. दोन्ही बाजूंना भिंतीत पक्की ठोकलेली लोखंडी दांडी, बसलेल्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर. टाइलमध्ये नुसत्या स्क्रूने अडकवलेली नको, ती नळासारखीच हातात येते. काठीसाठी एक खाच, पिशवीसाठी एक खुंटी, बाहेरूनही उघडता येईल अशी कडी, आणि फरशी पुसायला दिवसातून चार वेळा येणारा एक माणूस. बाहेर पाटी लावा, ‘वडीलधाऱ्यांची सोय आहे’, आणि ती रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. गाडीतल्या आईला ती वाचता आली पाहिजे, चालकाला नव्हे.

आपले,
सोलापुरातील काही वाहनचालक व मेकॅनिक